भंडारा जिल्हा : निरंक

हिवाळी अधिवेशन सुरू झाल्याची बातमी टीव्हीवर आली की माझं पोट आजही आपोआप आत ओढलं जातं. निवृत्त होऊन तिसरं वर्ष चालू आहे. दिल्लीत कोणीतरी जाकीट घालून उभं राहतं, कागद डोळ्यांपासून लांब धरून वाचू लागतं, आणि इथं भंडाऱ्यात सतरंजीवर मांडी घालून बसलेला मी उगाचच छातीशी पेन चाचपतो. बनियनला खिसा नसतो.

"आता कोन विचारून राहिलं तुमाले?" आमच्या घरच्या म्हणतात. "शेंगा सोला."

समोर पोपटाच्या, म्हणजे वालाच्या शेंगांचा ढीग असतो. हिरव्यागार, थंडीनं जरा ताठ झालेल्या. मी सोलू लागतो. दाणा बोटावर टपकन पडतो, हाताला तो ओलसर हिरवा वास लागतो, आणि कान मात्र टीव्हीकडेच राहतो. "क्या यह सच है कि..." असं तिकडे कुणी म्हटलं, की इकडे माझ्या मनात लगेच उमटतं, दुपारी दोनपर्यंत माहिती सादर करावी.

इतर लोकांना वर्षाचे ऋतू तीन. मला चार होते. अर्थसंकल्पी अधिवेशन, पावसाळी अधिवेशन, दिल्लीचं हिवाळी अधिवेशन आणि नागपूरचं अधिवेशन. शेवटची दोन एकाच वेळी यायची आणि नेमकी धान घरात यायच्या दिवसांत यायची. भंडाऱ्यातल्या एका सरकारी कार्यालयात मी बाबू होतो. कार्यालयाचं नाव सांगत नाही. पेन्शन अजून सुरू आहे. माझं काम एवढंच की दिल्लीत किंवा नागपुरात एखाद्या सन्माननीय सदस्याला प्रश्न पडला, की त्या प्रश्नाची आमच्या जिल्ह्यापुरती माहिती जमवायची आणि वर पाठवायची. सदस्यांना प्रश्न पडल्याला तीन आठवडे झालेले असायचे. तो प्रश्न दिल्लीहून मुंबईला, मुंबईहून पुण्याला, पुण्याहून नागपूरला असा प्रत्येक ठिकाणी थोडी विश्रांती घेत यायचा आणि आमच्या दारात पोचला की त्याला एकदम घाई सुटायची. कपाळावर लाल अक्षरांत 'अत्यंत तातडीचे'.

या दिवसांत आम्हाला मुख्यालय सोडायची बंदी. तसा लेखी आदेशच निघायचा. माझं गाव आंबागड, किल्ल्याच्या पायथ्याला. तिथं घरचं थोडं धान. कापणी व्हायची, कापलेल्या धानाचे पुंजणे लागायचे, खळ्यात मळणी व्हायची, नव्या तणसाचा, ताज्या पेंढ्याचा तो गोडूस, नाकात खाजवणारा वास गावभर पसरायचा, आणि मी ह्यातलं काही म्हणजे काही पाहिलं नाही. नोकरी लागल्यापासून निवृत्त होईपर्यंत एकही मळणी नाही. आमच्या कार्यालयाच्या खिडकीला जाळी होती. सकाळी वैनगंगेवरून धुकं यायचं, जाळीतून आत शिरायचं आणि फायलींवर बसायचं. फायली थंडीत ओल्या लागायच्या. त्या ओल्या कागदाचा वास हाच माझा सुगीचा वास. भाऊ फोन करायचा, "तू तिकडं दिल्लीचे प्रश्न सोडव. आमी इकडं धान झोडून राहिलो." मागे ट्रॅक्टरचा आवाज यायचा. मी फोन जरा जास्त वेळ कानाला धरून ठेवायचो.

माझ्या चुकांबद्दल आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्हाला धक्का बसायचा नाही. जिल्हा फुटला, गोंदिया वेगळा झाला, अर्धी कपाटं ट्रकमध्ये चढून तिकडे गेली. पण खासदारकीचा मतदारसंघ राहिला एकच. त्यामुळे प्रश्नात दोन्ही जिल्हे, आणि माझ्या डोक्यातही दोन्ही. एकदा मी देवरी तालुक्याची माहिती आमच्या जिल्ह्यात धरून पाठवली. देवरी जाऊन तेव्हा चांगली काही वर्षं झाली होती. गोंदियानंही पाठवली. राज्याच्या बेरजेत देवरी दोनदा. कुणाच्या लक्षात आलं नाही, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

दुसरी चूक याहून मोठी. प्रश्न होता, शेतीच्या उत्पन्नावर आयकर लावण्याचा प्रस्ताव शासनाच्या विचाराधीन आहे काय. तो आमच्याकडे केवळ माहितीसाठी आला होता. मी गडबडीत उत्तर लिहिलं, 'भंडारा जिल्हास्तरावर असा कोणताही प्रस्ताव नाही.' म्हणजे आमच्या मनात आलं असतं तर आम्ही लावलाही असता. साहेबांनी सही केली. वरून कुणाचा फोन आला नाही. बहुधा मुंबईत कुणीतरी हुश्श केलं असेल.

तर असा मी. आणि तो हंगाम.

शेतकऱ्यांच्या खात्यात वर्षातून तीनदा थेट पैसे येतात, ती योजना तुम्हाला ठाऊक आहेच. तिच्यात एक नियम असा, की आयकर भरणाऱ्याला पैसे मिळणार नाहीत. नियम म्हणून बरोबरच आहे. दिवाळी नुकतीच झाली होती. सकाळी साडेदहाला कार्यालयाचं दार उघडलं तर व्हरांड्यातल्या बाकावर एक बाई बसल्या होत्या. साठीच्या आसपास. अंगावर स्वेटर, त्यावर पदर, पायात प्लास्टिकच्या चपला, मांडीवर पिशवी. साकोली तालुक्यातल्या एकोडीहून पहिल्या एसटीनं आल्या होत्या.

"बाबू, मी पुस्तकला," त्या म्हणाल्या. आमच्या भागात हे नाव अजून आहे. मला फार आवडतं. "मले सरकारनं मालदार करून टाकलं."

हकिकत अशी होती. रस्ता रुंद करताना त्यांच्या बांधीची, म्हणजे धानाच्या शेताची एक पट्टी गेली. मोबदला मिळाला, तो त्यांनी बँकेत मुदतीनं ठेवला. नवरा वारलेला, मुलगी सासरी, म्हातारपणाची सोय. व्याजावर बँकेनं कर कापला, कारण कापू नका असं सांगणारा एक फॉर्म असतो आणि तो भरायचा असतो हे कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. मग साकोलीच्या एका कॉम्प्युटरवाल्यानं त्यांच्या नावानं विवरणपत्र भरून तो कर परत मिळवून दिला. कर गेला, कर आला, हिशेब मिटला. पण तेवढ्यात दिल्लीच्या कुठल्याशा यादीत पुस्तकलाबाईंच्या नावापुढे 'आयकरदाता' असं लागलं. योजनेचे पैसे बंद झाले.

"कर कापला तवा कोनी मले इचारलं नाई. वापस देल्ला तवा बी नाई इचारलं. पैसे बंद करासाठीच बरी माही आठवन आली?" त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पैशाचं एक जाऊ द्या, बाबू. रोवणीच्या टायमाले कामी पडत होते, आता दुसऱ्याच्या बांधीत जास्त दिवस जाईन. पन रेशनवाला म्हनते का ज्याच्या नावानं असा शिक्का हाय, त्याचं कार्डातलं नाव बी कटन. तपासनी होऊन राहिली म्हनते. मंग मी खाऊ काय?"

मी अर्ज घेतला. शेजारच्या शाळकरी पोरीच्या अक्षरात होता. डोक्यावर लिहिलं होतं, 'विनंती अर्ज.' मी शिक्का मारला, आवक नोंदवहीत चढवला, आणि सांगितलं, "पाहतो बाई." सरकारी माणसाचं 'पाहतो' हे किती लांबून पाहणं असतं, हे तुम्हाला सांगायला नको.

इथं आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. झाडीपट्टीतला माणूस सरकारची तक्रार करत नाही. तक्रार म्हटली की त्याला पोलीस ठाणं आठवतं, साक्षीदार आठवतात, पुन्हा त्याच साहेबासमोर उभं राहायचं आहे हे आठवतं. म्हणून घर कोसळलेलं असो की पगार अडलेला असो, कागदाच्या डोक्यावर तो 'विनंती अर्ज' असंच लिहितो आणि खाली 'आपला नम्र'. परिणाम असा, की आमच्या कार्यालयात तक्रार नोंदवही नावाची एक जाड, कापडी पुठ्ठ्याची वही होती आणि ती जवळजवळ कोरी होती. पहिल्या पानावर एकच नोंद, कुणाची तरी सायकल आमच्या आवारातून गेल्याची. तपासणीला आलेल्या मागच्या एका साहेबांनी ती वही उलटीसुलटी पाहून तिच्यावर शेरा मारला होता, 'कामकाज समाधानकारक.' आम्हाला त्या वहीचा अभिमान होता.

डिसेंबरात एका सकाळी मोबाइल टुणकला. लोकसभेचा प्रश्न. शासनाच्या आर्थिक साहाय्याच्या योजनेतून, प्रत्यक्ष आयकर भरत नसतानाही आयकरदाता म्हणून वगळण्यात आलेल्या शेतकऱ्यांच्या तक्रारी प्राप्त झाल्या आहेत काय. असल्यास, त्यांचा जिल्हानिहाय तपशील काय. त्यावर कोणती कार्यवाही केली. नसल्यास, कारणे काय. दुपारी दोनपर्यंत.

मी सातही तालुक्यांना फोन लावले. सातही ठिकाणी माझ्यासारखाच एकेक बाबू होता. "तक्रार? नाई ना भाऊ. निरंक टाका." मी आमची कापडी वही काढली. सायकलच्या खाली काही नव्हतं. एक वाजून पन्नास मिनिटांनी मी तक्ता भरला, भंडारा जिल्हा, निरंक. कार्यवाही, प्रश्न उद्भवत नाही. कारणे, प्रश्न उद्भवत नाही. साहेबांनी सही केली. मी चहा मागवला.

पुस्तकलाबाईंचा अर्ज त्या वेळी माझ्या उजव्या कोपराखाली होता. मनावर दडपण होतं वगैरे म्हणत नाही मी, खरोखरीच कोपराखाली होता. दौतीच्या डागाशेजारी, प्रलंबित कागदांच्या गठ्ठ्यात सगळ्यात वर. मी त्यावर हात टेकून निरंक लिहिलं.

शून्य आणि निरंक यांत फरक आहे, हे मला नंतर कळलं. शून्य म्हणजे मोजलं आणि काही निघालं नाही. निरंक म्हणजे मोजायलाच कुणी उठलं नाही. पण तक्त्यात दोन्ही सारखेच गुबगुबीत, समाधानी दिसतात.

आठ-दहा दिवसांनी उत्तर सभागृहाच्या पटलावर ठेवलं गेलं, जोडपत्रासकट. आमच्या साहेबांनी ते स्वतः उघडून पाहिलं. साहेब घाटाकडचे, पश्चिम महाराष्ट्रातले. बदलीची वाट पाहत होते. त्यांची आई तिकडे अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे दर शनिवारी त्यांचा चेहरा रेल्वेच्या वेळापत्रकासारखा व्हायचा, आणि अधिवेशन असलं की तो शनिवारही जायचा. "बघा लांजेवार," ते म्हणाले, "आपला जिल्हा एकदम स्वच्छ. असंच राहू द्या. मला इथून सुखानं जाऊ द्या."

आणि दुसऱ्या दिवशी बाकावर पुस्तकलाबाई.

त्यांना पाहिलं आणि मला तो कोपर आठवला. एवढा आठवला की मी तो उचललाच. गठ्ठ्यातून अर्ज काढला, वर पाठवायचं पत्र तयार केलं आणि साहेबांपुढे ठेवलं. साहेबांनी वाचलं. मग चष्मा काढला.

"हे काय आहे?"

"चुकून आयकरदाता लागलेलं एक प्रकरण आहे, साहेब. दुरुस्तीसाठी वर पाठवायचं."

"अहो, आपण परवा लोकसभेला निरंक सांगितलं. आज आपण लिहायचं, एक आहे? अर्जावर तारीख कधीची आहे? प्रश्नाच्या आधीची! म्हणजे सभागृहाला खोटी माहिती दिली. हक्कभंग म्हणतात त्याला. ऐकलंय का कधी?"

"ऐकलंय, साहेब."

"मग ठेवा ते."

"पण बाई आहे, साहेब. बाहेर बसली आहे."

साहेब दाराकडे पाहून हळू म्हणाले, "मला दिसते आहे हो. पण लोकसभेच्या हिशेबानं ती नाहीये."

माहिती खालून वर गेली तेव्हा ती माझ्या बॉलपेनातून निघालेली एक थाप होती. वरून खाली परत आली तेव्हा तिच्यावर देशाचा शिक्का होता. आता ती माझ्या बापाच्यानंही हलणार नव्हती. तालुक्याला फोन करून पाहिला. तिथला बाबू म्हणाला, "लांजेवार भाऊ, तुमीच तं निरंक पाठवलं. आमी कसं म्हनू का एक हाय?" मी रचलेल्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना मीच उभा होतो.

त्यानंतरचे आठवडे मला दिवसांनी आठवत नाहीत, बाकाने आठवतात. दर मंगळवारी पुस्तकलाबाई येत. कधी पिशवीत लाखोरीची कोवळी भाजी असायची, भाजीवर दव. ती त्या मला द्यायच्या नाहीत. मुलीकडे न्यायची असायची. पण तिचा वास माझ्या टेबलापर्यंत यायचा आणि धान कापलेल्या बांधीतून ओलीवर उगवून आलेली लाखोरी, तिची ती निळी फुलं, सगळं मला जाळीच्या आत बसल्या बसल्या दिसायचं. आंबागडच्या आमच्या बांधीतही त्या वेळी तीच फुलं असणार. मी पाहायला जाऊ शकत नव्हतो. नागपूरचं संपलं होतं, पण पुढच्या अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या तयारीचा आदेश निघाला होता.

"काय म्हनते दिल्ली?" त्या विचारायच्या.

"प्रक्रियेत आहे, बाई."

"माहा नवरा बी आजारी होता तवा डॉक्टर असाच म्हनत होता."

मी चहा सांगायचो. त्या घ्यायच्या नाहीत. "काम झालं का पेईन," म्हणायच्या.

घरी हे सांगितलं. आमच्या घरच्यांनी पोळी लाटता लाटता ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मंग त्या बाईले सांगा ना खरं. तुमी चुकले म्हनून."

"सांगून काय होणार?"

"तिले कमीत कमी समजन तं का भिंत कोनती हाय."

पुढच्या मंगळवारी मी सांगितलं. व्हरांड्यात, उभ्यानं, शाळेतल्या पोरासारखं. कोपरासकट सगळं सांगितलं. पुस्तकलाबाईंनी ऐकलं. रागावल्या नाहीत, हे मला जास्त लागलं. मग म्हणाल्या, "म्हनजे त्यायनं तक्रार इचारली, अन् माही विनंती होती?"

"हो."

"तं मंग त्यायले विनंती इचाराले लावा ना."

मी हसलो. दिल्लीला काय विचारायचं हे एकोडीची बाई ठरवणार! संध्याकाळी सायकलवरून घरी येताना, गांधी चौकाच्या अलीकडे कुठेतरी, माझं हसणं थांबलं.

यापुढे जे झालं त्याबद्दल मी कुठल्याही चौकशीत काही सांगणार नाही. सरकारी नोकरानं सदस्यांना प्रश्न पुरवणं हा गुन्हा आहे आणि मी तो केलेला नाही. एवढंच, की एका कोऱ्या कागदावर, डाव्या हातानं लिहिल्यासारख्या अक्षरात, एक प्रश्न लिहिला गेला. त्यात 'तक्रारी' ह्या शब्दापुढे 'अथवा विनंती अर्ज' असे शब्द होते. आणि साकोलीकडे एका पुलाच्या लोकार्पणाला मोठी मंडळी आली, तेव्हा हारतुऱ्यांच्या गर्दीत पुस्तकलाबाई घुसल्या आणि तो कागद एका जाकीटवाल्याच्या हातात देऊन आल्या.

"कोणाला दिला?" मी विचारलं.

"सगळे सारखेच दिसत होते, बाबू. त्यातल्या त्यात ज्याच्या हातात फाइल होती त्याले देल्ला."

मी आशा सोडली. फेब्रुवारी गेला. मोहाच्या झाडांची पानं गळाली. आणि मार्चात एका सकाळी मोबाइल टुणकला.

प्रश्न विचारणारे सदस्य भलत्याच प्रांतातले होते. माझं मराठी वाक्य हिंदीत गेलं होतं, तिथून इंग्रजीत आणि तिथून मुंबईच्या कुणा भाषांतरकाराच्या हातून परत मराठीत आलं होतं. 'तक्रारी अथवा विनंतीस्वरूपी आवेदने प्राप्त झाली आहेत किंवा कसे.' आपलं पोर लग्नात फेटा बांधून, पावडर लावून समोर यावं तसं ते वाक्य माझ्याकडे पाहत होतं. मी ओळखलं.

तालुक्यांना फोन करण्याइतकाही मी भानावर नव्हतो. केले, पण घाईघाईनं. "निरंक?" "हाव, निरंक." पुढचा. साकोली तालुक्यापुढे मात्र मी बॉलपेन टेकवून नीट, जरा मोठाच आकडा काढला, १.

साहेबांनी तक्ता पाहिला. "हे निरंक करा."

"साहेब, मागच्या वेळी त्यांनी तक्रारी विचारल्या होत्या. तक्रार नव्हतीच. या वेळी विनंती अर्जही विचारले आहेत. आवक नोंदवहीत एक आहे. दोन्ही उत्तरं खरी. कुठंच विसंगती नाही."

साहेबांनी प्रश्न पुन्हा वाचला. मग माझ्याकडे पाहिलं. पंखा सुरू नव्हता, तरी मला तो फिरल्यासारखा ऐकू आला.

"लांजेवार, हा प्रश्न तुम्ही लिहिला आहे का?"

"साहेब, मी सरकारी नोकर," मी म्हणालो. "प्रश्न उद्भवत नाही."

साहेबांच्या मिशीखाली काहीतरी हललं. त्यांनी सही केली. दाराशी पोचलो तेव्हा मागून म्हणाले, "बाईला चहा द्या म्हणावं."

उत्तर पटलावर आलं. मी पुस्तकलाबाईंना आत बोलावून संगणकावर दाखवलं. जिल्ह्यांची लांबच लांब रांग, आणि आमच्या नावापुढे तो एक. त्यांनी पडद्याजवळ चेहरा नेला.

"हे मी?"

"हो, ह्या तुम्ही."

"लयच बारीक दिसून राहिली." त्यांनी बोटानं तो आकडा हलकेच पुसून पाहिला, गेला तर नाही ना म्हणून.

गंमत अशी, की ज्या शिक्क्यानं त्यांना नाहीसं केलं होतं त्याच शिक्क्यानं आता त्यांना कुणी नाकारू शकेना. तालुक्याचा बाबू म्हणाला, "लोकसभेत आलं का? मंग तं करासच लागन." वरून विचारणा सुरू झाली, त्या एका प्रकरणाचं काय झालं, त्या एका प्रकरणाचं काय झालं. जिल्ह्यातल्या सगळ्या बाबूंना पुस्तकलाबाईंचं नाव पाठ झालं. आयकरदात्याचा शिक्का निघाला. रेशनकार्डातलं नाव कटता कटता वाचलं. मी इतका खूश होतो, की कार्यालयात बसल्या बसल्या मला मी सभागृहात उभा असल्यासारखं वाटायचं. आपण कसा एका शब्दानं दिल्लीचा किल्ला फोडला, हे मी आमच्या घरच्यांना तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हाव, माहीत हाय. डाळीत पाणी टाका." मी टाकलं. जास्त टाकलं.

मे महिना लागला. तेंदूपत्त्याचे दिवस. जंगलाकडून येणाऱ्या गाड्यांवर पानांचे पुडे, हवेत तो करपट हिरवा वास, आणि आमच्या कार्यालयाची भिंत सकाळी दहालाच तापलेली. मी सायकल लावली. व्हरांड्यात पुस्तकलाबाई उभ्या होत्या, मंगळवार नसताना. हातात पासबुक, चेहऱ्यावर ऊन.

"बाबू, आले. पैसे आले."

"अरे वा! आता चहा?"

"आता पेते." त्या बसल्या नाहीत. बाजूला सरकल्या. "पन एक नाई सांगाचा. पाच सांगाचा. ह्या बी माह्यासोबत आल्या."

मागे बाकावर चार बाया होत्या. चौघींच्या मांडीवर पिशव्या, पिशवीतून कागदांची टोकं निघालेली. एकीच्या बोटांना तेंदूपत्त्याचा चीक लागून काळा पडलेला.

"ह्यायचं बी तसंच झालं," पुस्तकलाबाई म्हणाल्या. "तोच बँकवाला, तोच कॉम्प्युटरवाला."

रस्ता काय एकट्या पुस्तकलाबाईंच्या बांधावरून गेला होता? तो त्यांच्या बांधीतून निघून हवेत उडी मारून पुढच्या गावी उतरला होता? हे एकदाही, त्या सगळ्या हिवाळ्यात एकदाही, माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मला एका बाईला सोडवायचं होतं आणि आपल्या हुशारीवर खूश व्हायचं होतं. मी नोंदवही उघडून शोधलंच नाही. मी फक्त मला माहीत असलेला एक अर्ज शोधला.

"अर्ज केले होते का तुम्ही?" मी विचारलं. माझा आवाज मलाच बारीक वाटला.

चीक लागलेल्या बाईनं मान वर केली. "देल्ला ना. दिवाळीच्या आंधीच देल्ला." मग जरा संकोचानं म्हणाली, "तुमच्याच हातात देल्ला होता, बाबू. तुमी शिक्का मारला."

"असू दे ना बाई," पुस्तकलाबाई तिला समजावत म्हणाल्या. "बाबू हुशार हाय. ते दिल्लीले इचाराले लावते." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हाव ना बाबू?"

आत साहेबांचा दरवाजा उघडा होता. पंख्याखाली ते काहीतरी वाचत होते. नवं कारण शोधायला मी डोकं चालवलं, पण ते माझ्याच वाक्यावर जाऊन आपटत राहिलं. तक्रारीही विचारून झाल्या होत्या, विनंत्याही विचारून झाल्या होत्या, आणि दोन्हींची उत्तरं माझ्या अक्षरात देऊन झाली होती. चहावाला कपांची जाळी घेऊन आला आणि किती ठेवू म्हणून विचारू लागला. बाकावर चौघी बसल्या होत्या. लोकसभेला आम्ही एक सांगितली होती, आणि त्या एकीचं काम झालं होतं.